निमआराम

आमच्या धनंजयची मोटारसायकल पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी नाक मुरडलं होतं. मी एसटीचा ड्रायव्हर. समुद्रपूर, हिंगणघाट, वर्धा, आर्वी याच रस्त्यांवर माझी हयात गेली आणि निवृत्त झालो तो विनाअपघात सेवेचा बिल्ला घेऊन. अशा माणसाला दोन चाकांचं कौतुक सांगायचं म्हणजे आचाऱ्यापुढे मसाल्याचं पाकीट नाचवायचं. पण पोरगा पुण्याहून एवढ्या लांब ती चालवत आला होता. उन्हाने तोंड काळवंडलं होतं आणि डोळे मात्र चमकत होते. म्हणून गाडीभोवती एक चक्कर मारली.

"तोंड पोपटाचं, कमरेले दोन्हीकून गोण्या, अन् मागून इंचवाचं शेपूट," मी म्हणालो. "हे नेमकं काय जनावर हाये बे?"

"बाबा, याले स्पोर्ट-टूरर म्हणतेत."

"ते नाव झालं. काम सांग."

तो तिथेच अंगणात उकिडवा बसला आणि मला समजावू लागला. "हे पाहा. रेसच्या गाडीवर माणूस पोटावर झोपल्यावानी बसते. पळते जबरदस्त, पण नागपूर येईपर्यंत मान गेली समजा. दुसरी असते लांबच्या प्रवासाची. तिच्यावर आरामखुर्चीवानी बसा, पण वळण आलं का तिची म्हैस होते. ही दोघींच्या मंधातली. पळते बी, अन् दिवसभर बसलं तरी कंबर धरत नाई."

"म्हणजे निमआराम," मी म्हणालो.

एसटीत साध्या लाल डब्याच्या वरची आणि आरामगाडीच्या खालची बस असते तिला निमआराम म्हणतात. धनंजय इतका हसला की तोल जाऊन मातीतच बसला. त्या दिवसापासून गाडीचं नाव निमआराम पडलं. पुण्याहून फोन आला की मीही आधी तेच विचारायचो, निमआराम बरी आहे का म्हणून. पोरगा बरा आहे का हे त्याच्यातच येत होतं.

खोटं कशाला बोलू, गाडी बनवणाऱ्याने डोकं चालवलं होतं. पुढची काच हाताने वर-खाली व्हायची. हँडल असं ठेवलं होतं की पाठ थोडी पुढे झुकावी पण मनगटावर भार येऊ नये. दोन्ही बाजूंच्या पेट्या किल्ली फिरवली की सुटायच्या आणि हातात धरून घरात नेता यायच्या. आमच्या मनकर्णेला गाडीत तेवढंच आवडलं. मनकर्णा म्हणजे धनंजयची आई. त्या पेट्यांमध्ये तिने जाताना ज्वारीचं पीठ, कैरीचं लोणचं आणि तुरीची डाळ भरली. पोरगा म्हणाला, आई, याच्यात रेनकोट ठेवायचा असतो. ती म्हणाली, रेनकोट खाशीन का?

पुढच्या चाकाला दोन्हीकडून ताटाएवढ्या लोखंडी चकत्या होत्या. भोकं भोकं पाडलेल्या, आणि मधे घासून घासून बारीक रेघा उठलेल्या. ब्रेक दाबला की त्या चकत्या चिमट्यात धरल्या जातात आणि चाक थांबतं. धनंजयने तिच्यावर हात फिरवून म्हटलं, "बाबा, पळायचं काय, कोणतीही गाडी पळते. ही थांबते म्हणून मी हिले घेतली."

हे वाक्य माझं होतं. तो लहान असताना मी त्याला केबिनमध्ये शेजारी बसवून हजारदा ऐकवलेलं. पोरगं ते लक्षात ठेवून होतं, म्हणून मी मान वळवून अंगणातल्या आंब्याकडे पाहत बसलो.

दुसऱ्या दिवशी त्याने मला मागे बसवलं आणि आम्ही रोहण्याला गेलो. तिथे माझ्या थोरल्या पोरीचं, अंकिताचं, सासर आहे. मला वाटलं होतं छातीत वारा भरेल, पण वारा त्या काचेवरून वरच्या वर निघून जात होता. आम्ही दोघं चक्क बोलत चाललो होतो. खड्डा आला की तो आधी सांगे, "बाबा, खड्डा." ट्रक आडवा असला तर मागे थांबे, समोरचं पूर्ण दिसल्याशिवाय पुढे काढत नसे. गावं आली की गिअर उतरवून इंजिनावर गाडी हळू करी, ब्रेकला हात लावत नसे. हेही माझंच. सारखा ब्रेक दाबणारा ड्रायव्हर म्हणजे आंधळा ड्रायव्हर, असं मी म्हणत असे.

वर्ध्याच्या पुढे रस्ता मोकळा लागला तेव्हा मलाच राहवलं नाही. म्हणालो, "पळव की जरा. पाहू तरी तुह्या निमआरामचं पाणी."

त्याने मूठ पिळली. दोन्ही बाजूंची झाडं मागे सटकली. आवाज मात्र कुरकुरीचा नाही, भरल्या घशाचा. मग लगेच त्याने गती उतरवली आणि म्हणाला, "पाह्यलं नं? बस. आता हे पाहा." दोन बोटांनी त्याने पुढचा ब्रेक दाबला. गाडी बसली. घसरली नाही, डुलली नाही, जागच्या जागी बसली आणि माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटलं. मी एवढी वर्षं बस थांबवली, पण असं थांबणं पाहिलं नव्हतं.

"मानलं बाप्पा," मी म्हणालो. त्या दिवशी तो रोहण्यापर्यंत गाणं म्हणत गेला.

*

पोळ्याला तो पुन्हा आला. निवृत्त झाल्यावर मी घरची शेती हातात घेतली आहे आणि एक बैलजोडी अजून ठेवली आहे. लोक म्हणतात ट्रॅक्टर भाड्याने सांगत जा, सोपं पडते. माझं मन होत नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू ओढून खांद्यावरची कातडी घासलेली असते, कुठे गाठ आलेली असते, कुठे सोलपटलेलं असतं. त्यावर गरम पाण्याने शेक द्यायचा आणि लोण्यात कालवलेली हळद चोळायची. आमच्याकडे हे काम मनकर्णा करते. तिच्या हाताला बैल मान हलवत नाही. खांदे मळून झाले की ती त्यांच्या कानाशी जाऊन म्हणते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माझी आई म्हणायची तसंच.

त्या वर्षी बैल झाले आणि ती वाटी घेऊन अंगणात आली. निमआराम उभी होती.

"यानं माह्या पोराले एवढ्या दुरून पाठीवर आणलं," ती म्हणाली. "याले काऊन सोडावं?"

धनंजयने हसत गाडीचं हँडल वळवून दिलं, बैलाची मान वळवावी तसं. तिने टाकीला हळदीचं बोट लावलं आणि गाडीच्या काचेपाशी वाकून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी पोळा फुटून बैल घरी आल्यावर त्यांना पुरणपोळी दिली आणि एक पोळी गाडीच्या दिव्यापुढे ठेवली. कावळ्याने ती पळवली, तर मनकर्णा म्हणाली गाडीनेच खाल्ली. आम्ही तिघं पोट धरून हसलो. त्या घरात तसं हसू पुन्हा झालं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांचा तान्हा पोळा असतो त्या दिवशी, सकाळी धनंजय निघाला. पावसाने बरेच दिवस दडी मारली होती, रस्ते कोरडे होते. मी ओट्यावर दात घासत बसलो होतो. तो आत बूट चढवत होता. मनकर्णा गाडीपाशी वाकून काहीतरी करत होती, तिच्या हातात तीच वाटी होती. कुंकू लावत असेल म्हणून मी चूळ भरायला उठलो.

निघताना त्याने मला पाया पडून म्हटलं, "बाबा, येतो." आईला म्हणाला, "दिवाळीले येतो. चिवड्यात शेंगदाणे जास्त टाकजो." किक नाही, काही नाही, बटण दाबलं आणि इंजिन सुरू झालं. गल्लीच्या वळणावर त्याने गिअर उतरवला तो आवाज मला ओट्यावर ऐकू आला. ब्रेक नाही, इंजिनावर. मी मनात म्हटलं, शाबास.

जामच्या अलीकडे एका वावरातून ट्रॅक्टर ट्रॉलीसकट रस्त्यावर आडवा आला. धनंजय ट्रॉलीच्या कोपऱ्यावर आदळला.

दवाखान्यात काय पाहिलं ते मी सांगणार नाही. ते माझं आहे.

*

दुपारी मला पोलीस ठाण्याच्या आवारात नेलं, गाडी ओळखायला. लिंबाखाली तिला आडवी टाकली होती. पुढची काच गेली होती, एका पेटीचं झाकण उघडून त्यातलं पीठ सांडलं होतं. टाकी चिरून पेट्रोल ठिबकत होतं. मी ड्रायव्हर माणूस. रडत होतो तरी डोळे सवयीने गाडीच्या खालून फिरले. पुढच्या चाकाच्या चकत्यांवर येऊन थांबले.

चकत्या पिवळ्या होत्या.

मी बोट लावलं. चिकट लागलं. नाकाशी नेलं तर जळलेल्या लोण्याचा वास आला, आणि हळदीचा. ब्रेकचे चिमटे जिथे धरतात तिथे ते लोणी काळं होऊन बसलं होतं. एकदा डेपोत माझ्या बसच्या ब्रेकवर ग्रीस सांडलं होतं. पाय तळाला टेकला तरी गाडी चालतच राहिली होती, फाटकाजवळच्या रेतीच्या ढिगाने ती थांबवली. मला सांगायला दुसरा कोणी लागत नव्हता.

गावातून निघताना त्याच्या लक्षात कसं आलं नाही, असं कोणी विचारेल. आलं असतं, जर त्याने पुढचा ब्रेक दाबला असता तर. पण तो चांगला ड्रायव्हर होता. गरज पडेपर्यंत ब्रेकला हात लावत नव्हता. गरज पडली तेव्हा त्याने दोन बोटं दाबली असतील, मग चार, मग पूर्ण मूठ. हे मी रोज रात्री पाहतो.

तिथे लिंबाखाली मला मनकर्णेच्या हातातली वाटी आठवली. बाई अडाणी नाही. पण ब्रेक कशाने लागतो हे तिला कोण सांगणार? बैलाच्या अंगाला चाळीस वर्षं जे लावत आली ते तिने पोराच्या गाडीला लावलं. आता ही गोष्ट तिला कळली तर मला दुसरी तिरडी बांधावी लागेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. पोरगा गेलाच होता. बायको तरी राहू दे.

मी खांद्यावरचा दुपट्टा काढला, ठिबकत्या पेट्रोलखाली धरला आणि चकत्या पुसल्या. आतपर्यंत बोटं घालून पुसल्या. कोणी पाहिलं असेल तर त्यांना वाटलं असेल म्हातारा पोराची गाडी कुरवाळतो आहे.

मागे कोणीतरी खाकरलं. तानबा होता, त्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. शेजारच्या गावचा, साठीला टेकलेला.

"भाऊ, माही चुकी झाली. म्या पाह्यलं नाई रस्त्याकडं," तो म्हणाला. "पण पोरगा जोरात नोता. म्या सांगतो तुमाले. हळूच येऊन राह्यलता. हात बी दाबला त्यानं. पण गाडी थांबलीच नाई."

"जोरात होता," मी म्हणालो.

"नाई भाऊ, म्या सोता..."

"तानबा, तुले काय समजते? जोरात होता तो. आतमंदी बी तेच सांग. तुह्यावरचं बी टळते, अन् मले बी तेच पाह्यजे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल दुःखाने माझं डोकं फिरलं. पण सुटका कोणाला नको असते? त्याने तसंच सांगितलं. मीही सांगितलं. बापच म्हणतो पोरगा वेगात होता, तर पुढे विचारायचं काय राहतं? कागदावर अतिवेग असं आलं आणि विषय मिटला.

माझ्या पोराने आयुष्यात एक ट्रक चुकीचा ओलांडला नव्हता.

*

तेरवीला माणसं आली. प्रत्येकजण विचारायचा, कसं झालं हो? आणि मी म्हणायचो, वेग, दुसरं काय, जवान पोरांच्या हाती असल्या गाड्या. मी हे म्हटलं की मनकर्णा उठून आत जायची. मला वाटायचं, ती पोरावर रागावली आहे. रागावू दे. स्वतःवर रागावण्यापेक्षा मेलेल्या पोरावर रागावलेली बरी, असं मी मनाला समजावत होतो.

अंकिता मात्र उठली नाही. सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, भाऊनं मले मागं बसवून आर्वीले नेलतं. खड्डा आला तर आधी सांगे तो. तुमी असं काऊन बोलून राह्यले?"

"तुले मागं बसवून हळू चालवे. एकटा असला का पळवे," मी म्हणालो.

"तुमाले बी मागं बसवलतं नं? तुमी पाह्यलं नाई?"

मी उठून पंगतीकडे गेलो. त्या संध्याकाळी ती रोहण्याला गेली ती आजवर आली नाही. फोन आईला करते. मी उचलला तर म्हणते, आईले द्या.

पुढे ही गोष्ट माझ्या हातात राहिली नाही. खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण माझं खोटं गावोगाव फिरलं. एसटी स्टँडवर, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, पोरगं गाडी मागू लागलं की बाप म्हणायचा, "वासुदेवरावच्या धनंजयचं काय झालं पाह्यलं नं?" माझ्याकडे पाहून मान हलवायचे, आणि मीही हलवायचो. छातीवरचा बिल्ला मी पेटीत टाकून दिला.

निमआराम परत मिळाली तेव्हा तिला गोठ्याच्या एका कोपऱ्यात उभी केली आणि वर ताडपत्री टाकली. भंगारवाला दोनदा येऊन गेला. मनकर्णा मधे पडली नाही, पण ती त्या कोपऱ्याकडे पाठ करून बैलांना चारा टाकायची. मी तेही रागातच धरलं.

यंदा पोळा आठ दिवसांवर आला तेव्हा मधुकरराव घरी आले. त्यांचं चौकात हार्डवेअरचं दुकान आहे आणि एका तरुण मंडळाचे ते अध्यक्ष आहेत. माणूस भला. हळू आवाजात म्हणाले, "वासुदेवराव, एक इनंती हाये. ती गाडी आमाले द्या. चौकात ओटा बांधून ठेवतो. खाली पाटी लावू. पोरं पाह्यतीन, चार जीव वाचतीन."

"पाटीवर काय लिहिता?" मी विचारलं.

"धनंजयचं नाव, अन् खाली, अतिवेगाचा बळी."

माझ्या तोंडून नाही निघालं नाही. मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होतो? घेऊन जा म्हणालो. दारामागे बांगड्या वाजल्या.

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मनकर्णेने पाणी तापवलं, हळद लोण्यात कालवली. मी बैल धुऊन आणले. ती वाटी घेऊन गोठ्यात आली, बैलापाशी उभी राहिली आणि वाटी माझ्यापुढे धरली.

"या साली तुमी मळा खांदे," ती म्हणाली. "माह्या हातानं नोको."

मी तिच्याकडे पाहिलं. माझ्या हातून वाटी घेतली जाईना.

"काऊन?" मी म्हणालो.

"तुमाले मालूम हाये काऊन ते."

"काय बोलून राह्यली तू?"

ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. आवाज अगदी साधा होता, भाजीला काय आणलं विचारावं तसा. "त्या दिवशी तुमचा दुपट्टा धुवाले टाकलता. तुमी म्हणाले रक्त हाये. म्या साबण लावला, त डाग लाल भडक झाला. अवो, रक्ताचा डाग साबणानं लाल होत नाई. हळदीचा होते. कोणत्या बाईले समजत नाई हे?"

मी तिथेच पेंढीवर बसलो. एका वर्षाचं माझं सगळं शहाणपण त्या साबणाच्या पाण्यात वाहून गेलं होतं, आणि मला पत्ता नव्हता.

"मंग सालभर बोलली काऊन नाई?"

"तुमी माह्यासाठी करून राह्यलते. तुमाले वाटे का मी यानं जगीन. म्हणून जगली." तिने पदर डोळ्यांना लावला नाही, नुसता मुठीत धरला. "पण तुमी दरखेपी त्याले जोरात होता म्हणा, अन् माहा जीव तुटे. मेल्यावर बी त्याले मार खाऊ घातला आपण. आता त्याची पाटी लावतेत चौकात. येणारा-जाणारा वाचीन. माह्या पोराची चुकी नोती नं?"

"नाई," मी म्हणालो. किती दिवसांनी ते खरं तोंडातून निघालं. "नोती. त्यानं सगळं बरोबर केलं."

"मंग सांगा त्या लोकाइले."

"अन् इचारलं तर? थांबली काऊन नाई म्हणून इचारलं तर?"

बाहेर ट्रॅक्टर येऊन थांबल्याचा आवाज आला. मधुकरराव गाडी न्यायला आले होते. गावात पोळ्याच्या गडबडीत कोणाची ट्रॉली मोकळी नव्हती, म्हणून मिळाली ती घेऊन आले होते, आणि ती तानबाची निघाली. तानबा खाली मान घालून उभा होता. ट्रॉलीत रंगवलेली पाटी होती, पिवळ्यावर लाल अक्षरं.

मधुकररावांनी ताडपत्री ओढली. वर्षभराची धूळ उडाली. निमआराम वाकड्या तोंडाने माझ्याकडे पाहत होती. "धरा रे," ते म्हणाले.

"थांबा," मी म्हणालो. "ही पाटी नका लावू."

"काऊन? अक्षर चुकलं का?"

"धनंजय जोरात नोता."

मधुकरराव माझ्याकडे पाहत राहिले. तानबाने एकदम मान वर केली. "तेच त म्या म्हणलतं भाऊ," तो म्हणाला. "सालभर झोप नाई मले. हळूच येऊन राह्यलता. हात बी दाबलता."

"मंग थांबली काऊन नाई?" मधुकररावांनी विचारलं. त्यांचं काही वाईट नव्हतं मनात. कोणीही हेच विचारलं असतं.

मी तोंड उघडलं. ब्रेक खराब होता म्हणावं. कंपनीचा दोष म्हणावं. मीच तपासला नाही म्हणावं, हे तर अर्धं खरंही होतं. तीन-तीन उत्तरं जिभेवर आली, आणि प्रत्येकाबरोबर आणखी एक वर्ष दिसलं, मागच्यासारखंच.

तेवढ्यात मनकर्णा मला ओलांडून पुढे गेली. वाटी तिच्या हातातच होती. ती निमआरामच्या पुढच्या चाकापाशी बसली. त्या दोन चकत्या आता गंजून तांबड्या झाल्या होत्या. तिने त्यांवर हात ठेवला नाही, नुसतं बोट दाखवलं.

"अथी म्या हळद-लोणी लावलतं," ती म्हणाली. "जाच्या दिवशी. त्याले न सांगता."

तानबाने डोक्याचं फडकं काढून तोंडाला धरलं. मधुकररावांनी पाटी उचलली आणि ट्रॉलीत पालथी घातली. मी मनकर्णेला उठवायला गेलो, तर ती उठेना. चकतीवरच्या त्या घासलेल्या रेघांकडे पाहत होती.

"बैलाचा खांदा असाच घासलेला रायते नं," ती माझ्याकडे मान वर करून म्हणाली. "मले वाटलं, दुखत असन त्याले."